पेन्सिलीनं लिहिलेला भाव

किंमत मी पेन्सिलीनंच लिहिते.
शाईची हिंमत होत नाही या धंद्यात.

वालपाराइसोत, बंदरापासून दुसऱ्या गल्लीत,
जिन्याखालचं माझं दुकान, दीड माणसाचं.
एक मी, आणि अर्धा हा एलिसेओ,
शाळा सुटली की काउंटरवर हनुवटी टेकून उभा:
"सेन्योरा हिमेना, कितीला येणार?"

येणार कुठला! क्यूब अजून समुद्रातसुद्धा नव्हता.
चीनमधल्या कारखान्यानं मे महिन्यात
तेरा सेकंदांची चित्रफीत दाखवली फक्त:
काळ्या कापडावर काहीतरी गरगरतंय,
कोपऱ्यांत चुंबक, गाभ्यात चुंबक,
स्प्रिंग नाहीच, चुंबकच चुंबकाला ढकलून धरतो म्हणे.
वजन सांगितलं ग्रॅमच्या दशांशापर्यंत.
किंमत नाही सांगितली.
तेवढ्यावर आमच्या टेकडीवरची सात पोरं
आठवडाभर ताटावर गप्प बसून होती.

मी हिशेब मांडला.
बोटीचं भाडं, जकात, डॉलर, माझं वीजबिल.
एकोणतीस हजार नऊशे पेसो, लिहिलं.

एलिसेओनं वही काढली.
शनिवारी तो सुपरमार्केटात लोकांच्या पिशव्या भरतो,
पगार नाही, हातावर पडेल ती चिल्लर.
क्यूबचे बाहेरून दिसणारे तुकडे सव्वीस,
त्यानं किंमतीला सव्वीसनं भागलं
आणि तुकड्या-तुकड्यानं विकत घ्यायला लागला.
"आज एका म्हातारीनं अख्खा कोपरा दिला."
"आज पाऊस. अर्धी कड."
जूनअखेर वीस तुकडे झाले होते त्याचे.

मग डॉलर चढला.
मी खोडलं, साडेबत्तीस हजार लिहिलं,
आणि रातोरात त्याच्या वहीत अठराच तुकडे उरले,
वर पाचशे सुटे.
तो काही बोलला नाही.
खोडरबराचा चुरा मात्र त्यानंच फुंकला, हळूच,
डोळ्यात गेलं असतं माझ्या म्हणून असेल.

लोक डोळ्यांत तेल घालून वाट पाहतात,
हा जुन्या क्यूबात घालायचा, दोन थेंब,
आणि फिरवत राहायचा.
बारा सेकंद. अकरा पूर्णांक ऐंशी. पुन्हा बारा.
"नवा आला की दहाच्या आत," म्हणायचा,
जसं काही सेकंदही त्याच खोक्यातून येणार होते.

गोदीत संप झाला. अकरा दिवस. पुन्हा खोडलं.
तेहतीस हजार आठशे.
कागद तिथे इतका झिजला
की दुपारी पलीकडून उजेड यायचा.
भाऊ रिगोबेर्तो म्हणाला, चाळीस लाव सरळ,
ज्यानं वाट पाहिलीय तो घासाघीस करत नाही.
खरं होतं ते. म्हणूनच नाही लावले.

ऑगस्टात खोकं आलं, एका कोपऱ्यात चेपलेलं.
एलिसेओनं काउंटरवर नाण्यांच्या सव्वीस चळती रचल्या,
मोजायला मला पाऊण तास लागला.
त्यानं दुकानातच फोडला, दहा-बारा वेळा फिरवला,
डोळे मिटून.
"कसाय?"
"हलका," म्हणाला. आणि जरा वेळानं,
"आवाजच नाही याला."

तो गेल्यावर फोन पाहिला.
कारखान्याची नवी चित्रफीत. सात सेकंदांची.
काळंच कापड.

शुक्रवारी जुन्याचा भाव मलाच उतरवावा लागला:
अठ्ठावीस हजार सहाशे.
खोडताना कागद फाटला शेवटी.
फरक बावन्नशे,
म्हणजे त्याच्या हिशेबानं चार तुकडे,
चार शनिवार, किंवा पावसात आठ.
गल्ल्याखाली एका लिफाफ्यात ठेवलेत.

असे परत देत बसले तर दुकान चालत नाही, ठाऊक आहे.
वर नाव लिहिलंय त्याचं,
पेन्सिलीनं.
बघू.